एकाच घरात दोन ताटं: नवऱ्याचं अमिनो, आईंची लघवीची गोळी आणि दोघांच्या किडन्या

पोळपाट_घोडबंदर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज लिहायलाच बसले. घोडबंदर रोडला राहतो आम्ही. घरात मी, नवरा (वय ४९), मुलगी आणि सासूबाई (७४). गेल्या महिन्यात नवरा आणि आई दोघांचं रक्त एकाच दिवशी तपासलं आणि तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघरात गोंधळ चाललाय.

आईंना पंधरा वर्षं बीपी आहे. पाय सुजतात म्हणून सकाळी फ्युरोसेमाइड ४० ची लघवीची गोळी. क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) १.७, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ३१. मार्चमध्ये भजनी मंडळात कुणीतरी सांगितलं की किडनीला डाळ म्हणजे विष, तेव्हापासून वरण बंद, दही बंद, अंडं तर बंदच. पेज, दुधी, अर्धी भाकरी. वजन ५२ वरून ४८ झालं. परवा पलंगावरून उठताना माझा हात धरावा लागला त्यांना.

नवऱ्याची बीपीची गोळी टेल्मिसार्टन ४० आणि क्लोरथॅलिडोन १२.५ अशी एकत्र आहे, म्हणजे तिच्यातही लघवीचं औषध आहेच. हे दिवाळीपासून जिमला जातात. ट्रेनरने व्हे प्रोटीन (दुधातल्या प्रोटीनची पावडर) दोन स्कूप आणि वर बीसीएए, म्हणजे तीन अमिनो आम्लांची पावडर सुरू करून दिली. क्रिएटिनिन १.४ आलं. बीपी घरच्या मशीनवर १४८/९४, गोळी चालू असून! मी म्हटलं पावडर बंद करा, तर म्हणतात प्रोटीनने किडनी जाते या जुन्या गोष्टी आहेत.

म्हणजे एक माणूस किडनीसाठी डाळ सोडतोय आणि दुसरा तीच डाळ दसपटीने शेकरमधून पितोय. माझा प्रश्न सरळ आहे, अमिनो आम्लं आणि लघवीची गोळी हे दोन्ही मिळून बीपीचं आणि किडनीचं नक्की काय करतात? आणि मी कुणाचं ताट बदलू? डॉक्टरांची वेळ पुढच्या शुक्रवारची मिळालीय. त्यांना नीट काय विचारायचं तेवढं तरी कळावं.

सकाळची_लोकल
ताई, १.४ म्हणजे फार नाही, घाबरू नका. माझ्या मेहुण्याचं १.५ येतं कायम, ठणठणीत आहे.

नाईट_ड्युटी
@सकाळची_लोकल, असं नका हो सांगू. मी बारा वर्षं आयसीयूत नर्स आहे. १.४ कुणाचं आहे यावर सगळं असतं. तगड्या तरुणाचं १.४ आणि ४८ किलोच्या आजींचं १.४ यात जमीन अस्मानाचा फरक. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, जितके स्नायू जास्त तितकं ते जास्त. आईंच्या बाबतीत तर मला उलटी काळजी वाटतेय. चार किलो वजन उतरलं म्हणजे स्नायूही गेले, त्यामुळे १.७ या आकड्यावरून किडनी खरी आहे त्यापेक्षा बरी दिसत असेल.

जिमवाला_खारघर
ट्रेनर लोकांना उगाच शिव्या बसतात म्हणून लिहितोय. मी सहा वर्षं व्हे घेतोय, क्रिएटिनिन १.०. निरोगी माणसाला प्रोटीनने किडनीचा आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही. दादांना एक विचारा, ते क्रिएटिन घेतात का? बीसीएए नाही, क्रिएटिन. वेगळी पावडर असते, पांढरी, बिनचवीची. ती घेतली की किडनीला काही न होता क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं, कारण क्रिएटिनचंच क्रिएटिनिन होतं. आणि टेस्टच्या आदल्या रात्री चिकन हाणलं असेल तरी वाढतं.

पोळपाट_घोडबंदर
@जिमवाला_खारघर, थांबा, बघून आले. कपाटात डबा आहे! पांढरी पावडर, दिवसाला ५ ग्रॅम लिहिलंय. मला वाटलं तो अमिनोचाच एक प्रकार.

जिमवाला_खारघर
अगदी चूक नाही वहिनी. क्रिएटिन शरीरात अमिनो आम्लांपासूनच बनतं, आर्जिनिन, ग्लायसिन आणि मेथिओनिन. पण रिपोर्टच्या दृष्टीने ती वेगळी गोष्ट आहे, डॉक्टरांना सांगाच.

निवृत्त_बँकर
मला या विषयात एक मूलभूत गोष्ट कधीच कळली नाही. अमिनो आम्ल म्हणजे शेवटी डाळीतलं प्रोटीनच ना? मग पावडरने एवढा काय फरक पडतो? कुणी जाणकार असेल तर सावकाश सांगा, माझं वय ६९ आहे आणि मी स्वतः क्लोरथॅलिडोनवर आहे.

डॉ_पामबीच
मी नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचा डॉक्टर आहे, नवी मुंबईत प्रॅक्टिस करतो. इथे कुणाचीही गोळी बदलणार नाही, फक्त आत काय चालतं ते सांगतो.

काका, बरोबर ओळखलंत. डाळ, मासा, अंडं, व्हे काहीही खा, पोटात त्याची अमिनो आम्लंच होतात. वीस प्रकारची, त्यातली नऊ अन्नातूनच घ्यावी लागतात. शरीराला लागतात तेवढी वापरली जातात, उरलेल्यांतला नायट्रोजन लिव्हर युरियात बदलतं आणि तो युरिया बाहेर टाकायचं काम किडनीचं. म्हणून भरपूर प्रोटीन खाणाऱ्याचा ब्लड युरिया थोडा जास्त दिसतो. त्यावरून किडनी बिघडली असं म्हणता येत नाही.

पण अमिनो आम्लं किडनीला नुसता कचरा देतात असंही नाही, ती तिचा वेगच बदलतात. किडन्या दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात. प्रत्येक गाळणीच्या पुढच्या नळीत काही पेशी पहाऱ्याला बसल्यासारख्या असतात, त्या समोरून जाणारं मीठ मोजतात. जेवणानंतर गाळली गेलेली अमिनो आम्लं परत शोषली जाताना सोडियमला सोबत घेऊन जातात, म्हणून पहाऱ्यापर्यंत मीठ कमी पोचतं. पहाऱ्याला वाटतं गाळण मंदावलंय, तो गाळणीत रक्त आणणारी वाहिनी सैल करतो आणि गाळणीवरचा दाब नि वेग दोन्ही वाढतात. ग्लुकॅगॉनसारखी हॉर्मोन्सही यात हात देतात. निरोगी किडनीत हे काही तासांपुरतं होतं आणि ओसरतं.

आता किडनीच्या निम्म्याहून जास्त गाळण्या गेल्या असतील तर? उरलेल्या आधीच दुप्पट राबत असतात. त्यांना रोज तीन वेळा असा रेटा दिला तर त्या लवकर झिजतात, हा विचार १९८२ साली ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. त्यामुळेच एकाच घरात एकाला पावडर चालते आणि दुसऱ्याला जपून खावं लागतं.

निवृत्त_बँकर
डॉक्टर, पहिल्यांदा कुणीतरी मला हे असं सांगितलं. मग लघवीची गोळी यात कुठे बसते?

डॉ_पामबीच
गाळून झालेलं मीठ नळीत ठिकठिकाणी परत घेतलं जातं. लघवीची गोळी त्यातलं एखादं दार बंद करते, मीठ लघवीत राहतं आणि त्याच्यामागे पाणी जातं. गाळलेल्या मिठातलं साधारण पाव मीठ जिथे परत घेतलं जातं ते दार फ्युरोसेमाइड आणि टॉर्सेमाइड बंद करतात, म्हणून लघवी धो धो होते पण सहा तासांत जोर संपतो. क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड पुढचं छोटं दार बंद करतात, तिथे पाच-सात टक्केच मीठ असतं, पण क्लोरथॅलिडोनचा असर एक दिवसाहून जास्त टिकतो. त्यामुळे सूज उतरवायला पहिली आणि बीपीला सहसा दुसरी. २००२ च्या ॲलहॅट या मोठ्या अभ्यासात ३३ हजारांवर लोक होते, त्यात क्लोरथॅलिडोन महागड्या नव्या गोळ्यांच्या तोडीस तोड ठरली.

गंमत अशी की फ्युरोसेमाइड जे दार बंद करतं तेच दार त्या पहारेकरी पेशींनाही असतं. म्हणजे ही गोळी मीठ बाहेर काढतेच, वर पहारेकऱ्याचे डोळेही झाकते.

सकाळची_लोकल
लेसिक्स (फ्युरोसेमाइडचीच गोळी) या नावाचा अर्थ लास्ट सिक्स, सहा तास टिकते म्हणून, असं आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलेलं. त्या सहा तासांत मी ऐरोलीहून ट्रान्स हार्बर लोकल पकडायचो! ठाण्याला उतरून पळत जायचं. शेवटी मी गोळीच बुडवायला लागलो, ऑफिसच्या दिवशी नाही, फक्त शनिवार-रविवार. पाय सुजून बूट चढेना तेव्हा डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी वेळ बदलून दिली, ऑफिसातून आल्यावर साडेचारला. माझी ड्युटी सकाळची आहे म्हणून जमलं. रात्री झोपमोड होत नाही, गाडीतही धाकधूक नाही. लोक लाजेने सांगत नाहीत पण गोळी बुडवण्याचं हे फार मोठं कारण आहे.

तलावपाळी
अगदी खरं. माझी आई लग्नकार्याला जायचं असलं की दोन दिवस आधीपासून गोळी बंद करायची. बायकांसाठी स्वच्छ संडास मिळत नाही हे किडनीच्या धाग्यावर लिहायला हवंच होतं.

आगरी_कट्टा
नमस्कार. आम्ही दिवाळे गावचे. आमच्याकडे पावसाआधी सुकं भरून ठेवतात, सुकट, जवळा, सुके बोंबील, वाकट्या. बाबांना बीपीसाठी तीन गोळ्या, त्यात एक लघवीची, तरी १६० च्या खाली येईना. डॉक्टर गोळ्या वाढवत गेले. मग एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जेवता काय. आई म्हणाली, रोज रात्री सुकं असतंच, नायतर जेवण जात नाय त्यांना. बाई म्हणाल्या गोळी मागच्या दाराने मीठ काढतेय आणि तुम्ही पुढच्या दाराने पोतं आणताय.

आता आई सुकं कोमट पाण्यात दोनदा भिजवून ते पाणी फेकते, वरून मीठ घालत नाय, चिंच नि लसूण जास्त. आठवड्यातून एकदाच. ताजी मासळी बाकीचे दिवस. एक गोळी कमी झाली बाबांची.

तलावपाळी
@आगरी_कट्टा, दोनदा भिजवून सुकटीची चव राहते का हो? विचारतेय कारण मला करायचंय.

आगरी_कट्टा
राहते. भिजवून पिळून मग तव्यावर थोडी कोरडी भाजून घ्या, नंतर कांद्यावर टाका. पाणी पाणी नाय होत.

औषधवाला_कळवा
मी मेडिकल चालवतो. दोन गोष्टी रोज बघतो त्या लिहितो.

पहिली, पायाची सूज. ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने घोट्याला सूज येते. तिथे शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं म्हणून सूज असते. पण लोक शेजाऱ्याची चिठ्ठी घेऊन येतात, एक लघवीची गोळी द्या म्हणून. त्या सुजेला लघवीच्या गोळीचा फारसा उपयोग नाही, उलट सोडियम पोटॅशियम उतरतं. मी देत नाही, परत पाठवतो.

दुसरी, कमी सोडियमवालं मीठ. बीपीला चांगलं म्हणून पाकिटं जातात. त्यात सोडियमच्या जागी बराचसा पोटॅशियम क्लोराइड असतो. किडनी ठीक असेल तर चालतं, पण किडनी कमजोर असेल, किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पोळपाटताई, आईंसाठी ते मीठ आणलं असेल तर शुक्रवारपर्यंत बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना विचारा.

पाणीपट्टी_नेरुळ
@औषधवाला_कळवा, तुम्ही लिहिलंत ते माझ्या घरात घडलं. मिस्टर हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोन आणि टेल्मिसार्टन घेतात. मी काळजीपोटी ते मीठ सुरू केलं, रोज शहाळंही देत होते. तीन आठवड्यांत त्यांना पायात त्राण राहिना. पोटॅशियम ६.३. दोन रात्री मॉनिटरला लावून ठेवलं होतं. मीठ आणि शहाळं दोन्ही बंद केल्यावर पुन्हा ४.८ आलं. तो आकडा मी विसरत नाही. पाकिटावर बारीक अक्षरात सूचना होती, मी वाचली नव्हती.

वाचनमात्र_कोपरी
मी ऐकलं होतं की आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल बीपीवर उत्तम, रक्तवाहिन्या मोकळ्या करतं. त्यावर नोबेलही आहे म्हणे. मग अमिनो वाईट कसं?

डॉ_पामबीच
नोबेल १९९८ चं, नायट्रिक ऑक्साइडसाठी, फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना. शरीर आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं आणि त्याने रक्तवाहिन्या सैल होतात, हे पक्कं. आर्जिनिन किडनीतही तयार होतं, कलिंगडात असतं त्या सिट्रुलिनपासून. पण गोष्ट खरी आहे म्हणून डबा विकत घ्यावा असं होत नाही. आर्जिनिनच्या गोळ्यांनी बीपी थोडंफारच उतरतं. आणि हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १५३ जणांवर अमेरिकेत आर्जिनिनचा अभ्यास झाला, २००६ साली छापून आला. तो मधेच थांबवावा लागला, आर्जिनिन घेणाऱ्यांत सहा मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात एकही नाही. म्हणून मी माझ्या पेशंटना हृदयाचा इतिहास असेल तर स्पष्ट नाही म्हणतो.

जेवणातलं प्रोटीन वेगळं. जपान, चीन, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ४,६८० लोकांच्या इंटरमॅप अभ्यासात वनस्पतींचं प्रोटीन जास्त खाणाऱ्यांचं बीपी थोडं कमी दिसलं. डाळीबरोबर तंतू, मॅग्नेशियम, पोटॅशियमही येतं, नुसत्या डाळीला श्रेय देता येणार नाही, पण डाळीला विष म्हणण्याचं तर काहीच कारण नाही.

नाईट_ड्युटी
डॉक्टर, आमच्या इथे हार्ट सर्जरीच्या पेशंटना शिरेतून अमिनो आम्लं देण्याबद्दल चर्चा चालू आहे, किडनी वाचते म्हणून. तेही लिहा ना.

डॉ_पामबीच
हो, २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आलं. ३,५११ पेशंट, हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी शिरेतून अमिनो आम्लं दिली, किडनीला अचानक इजा होण्याचं प्रमाण ३१.७ वरून २६.९ टक्क्यांवर आलं. मी वर सांगितलं तोच परिणाम, आत येणारी वाहिनी सैल होते आणि ऑपरेशनमध्ये उपाशी पडलेल्या किडनीला रक्त मिळतं. ते जास्तीत जास्त तीन दिवसांसाठी, आयसीयूत. यावरून रोज शेकर प्यायचं ठरवू नये कुणी.

जिमवाला_खारघर
एक गोष्ट लिहायची होती, जड जाईल पण लिहितो. स्टेजवर जाणारी पोरं शेवटच्या दोन दिवसांत पाणी काढतात. पाणी प्यायचं बंद, मीठ बंद आणि लेसिक्स. त्वचा पातळ दिसावी, कट्स दिसावेत म्हणून. माझा पार्टनर २०१९ च्या एका स्पर्धेत स्टेजमागे पडला. हातापायाला गोळे, बोलता येईना. पोटॅशियम इतकं खाली होतं की सलाइन लावून रात्रभर बसलो होतो मी त्याच्याजवळ. वाचला. लघवीची औषधं वाडा या खेळांतल्या डोपिंगविरोधी जागतिक संस्थेच्या बंदी यादीत आहेत, वजन पटकन उतरवायला आणि दुसरी औषधं लपवायला वापरतात म्हणून. पण गल्लीतल्या स्पर्धेत कोण तपासतंय. तुमच्या घरात जिमला जाणारं पोर असेल तर त्याच्या बॅगेतल्या गोळ्या बघा, राग आला तरी बघा.

निवृत्त_बँकर
बाळा, लिहिलंस ते फार बरं केलंस.

येऊरची_पायवाट
माझ्या सासऱ्यांची गोष्ट. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी रोजची. गणपतीत गावाला गेलो, तिकडे जुलाब लागले. दोन दिवस पोटात पाणी ठरेना, पण बीपीची गोळी बुडवायची नाही हे डोक्यात पक्कं, म्हणून घेत राहिले. अंग ठणकतंय म्हणून डायक्लोफेनॅक घेतलं. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद. क्रिएटिनिन ४.२. सलाइनवर आठवडाभर होते, आता १.२ आहे, देवाची कृपा. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, उलट्या-जुलाब झाले की त्याच दिवशी फोन करा, या गोळ्या थांबवायच्या का ते मी सांगेन. आम्हाला हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

डॉ_पामबीच
तीन औषधांचं हे त्रिकूट आम्हाला वारंवार दिसतं. लघवीच्या गोळीने शरीरातलं पाणी कमी होतं, पेनकिलर गाळणीत रक्त आणणारी वाहिनी आवळते आणि टेल्मिसार्टन गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी सैल सोडतं. एकेकटं किडनी सोसते. तिन्ही एकदम आणि वर जुलाब, मग गाळणीत दाबच उरत नाही.

पोळपाटताई, मिस्टर जिम करतात. खांदा, गुडघा दुखतो म्हणून काही घेतात का? डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन? या गोळ्या मीठ धरून ठेवतात आणि बीपीही चढवतात. मला १.४ पेक्षा गोळी चालू असताना १४८ येणं जास्त खटकतंय.

शुक्रवारी दोघांसाठी हे विचारा: लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण, ते ३० च्या आत हवं. सोडियम, पोटॅशियम. मिस्टरांची सिस्टॅटिन सी ही रक्ताची तपासणी, तिला स्नायू आणि क्रिएटिनचा फरक पडत नाही. आणि दोन्ही आकडे तीन महिन्यांनी पुन्हा, कारण एका रिपोर्टवर किडनीचा जुनाट आजार ठरवत नाहीत.

आईंची डाळ बंद करायला कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं का? ईजीएफआर ३१ ला आम्ही साधारण किलोमागे ०.८ ग्रॅम प्रोटीन धरतो, अशक्त वृद्धांना कधी थोडं जास्तच. ४८ किलोला ३८ ग्रॅम. पेज आणि दुध्यात वीससुद्धा होत नसेल.

पोळपाट_घोडबंदर
वाचून रडू आलं. नाही, कुठल्याच डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

आणि हो, पेनकिलर. हे आत्ता ऑफिसातून आले, त्यांनी बूट काढायच्या आधीच मी विचारलं. खांद्यासाठी एसिक्लोफेनॅक, दीड महिना, रोज रात्री एक. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवतात. म्हणाले एवढीशी गोळी, काय सांगायची.

तलावपाळी
ड्रॉवर! आमच्याकडे गाडीचा डॅशबोर्ड आहे. आत्ता जाऊन बघते.

निवृत्त_बँकर
जरा माझंही लिहितो. गेल्या मे महिन्यात उकाडा भयंकर होता. रोज संध्याकाळी उपवनला चालून घामाघूम, वर लघवीची गोळी, वर किडनी साफ होते म्हणून दिवसाला पाच लिटर पाणी. बायको म्हणायला लागली तुम्ही बोलताना शब्द विसरताय. मला वय झालं असं वाटलं. सोडियम १२२ निघालं, हवं १३५ च्या वर. क्लोरथॅलिडोनच्या जातीच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांत असं होतं, आणि जास्त पाणी पिऊन ते आणखी पातळ होतं. वेळेत कळलं म्हणून बरं. म्हातारं माणूस अचानक गोंधळल्यासारखं वागलं तर आधी सोडियम तपासा.

सकाळची_लोकल
काका, मग त्या गोळीवर पुन्हा कसे?

निवृत्त_बँकर
सहा महिने बंद होती. मग बीपी दुसऱ्या गोळ्यांना ऐकेना, तेव्हा डॉक्टरांनी निम्म्या डोसवर, दर महिन्याला सोडियम बघून, पुन्हा दिली. पाणी तहानेपुरतं. आता १३७ आहे.

आगरी_कट्टा
धागा वर काढतोय. पोळपाटताई, शुक्रवार होऊन महिना झाला. कशा आहेत आई?

पोळपाट_घोडबंदर
धावपळीत राहून गेलं, माफ करा. सविस्तर लिहिते.

नवऱ्याची एसिक्लोफेनॅक त्याच दिवशी बंद. खांद्याला फिजिओथेरपी, फारच दुखलं तर पॅरासिटामॉल. क्रिएटिन बंद. डॉक्टरांनी माझ्याकडून त्यांचं रोजचं सगळं प्रोटीन ग्रॅममध्ये लिहून घेतलं: व्हे ५०, सहा अंड्यांचा पांढरा भाग २२, चिकन ४०, घरचं जेवण ३५. म्हणजे १४७ ग्रॅम, ८२ किलोला १.८ च्या आसपास. ते म्हणाले बीपी असलेल्या माणसाला एवढं कशाला, एक स्कूप ठेवा, अमिनोची पावडर सोडा कारण व्हेमध्ये ती तिन्ही अमिनो आम्लं आहेतच. तीन आठवड्यांनी, आदल्या दोन दिवसांत मांसाहार न करता रक्त दिलं. क्रिएटिनिन १.१, ईजीएफआर ८२. लघवीतलं अल्ब्युमिन १२. बीपी आठवडाभराची सरासरी १२८/८२, पाच मिनिटं टेकून बसून, हात टेबलावर ठेवून घेतलेली. बीपीची गोळी तीच, तेवढीच. पेनकिलरने किती वाढलं होतं, क्रिएटिनने किती आणि पावडरने किती, हे वेगळं करून सांगता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले.

आईंचं तसं सोपं नाही. लघवीत अल्ब्युमिन ४१० आलं, म्हणजे त्यांच्या किडनीला खरंच आजार आहे. सोडियम १३३, पोटॅशियम ३.४. ते कमी सोडियमवालं मीठ घरात नव्हतंच. फ्युरोसेमाइड ४० ची २० केली कारण पाय आता सुजत नव्हते आणि उभं राहिल्यावर बीपी १०० पर्यंत खाली यायचं, त्यामुळेच चक्कर यायची. डाळ सुरू! आहारतज्ज्ञ बाईंनी आईंसमोरच मांडून दाखवलं, दोन वाट्या वरण, तीन पोळ्या, थोडा भात, वाटीभर दही आणि एक अंडं, झाले अडतीस. पापड, लोणचं मात्र बंद. आईंना डाळ परत मिळाली याचा आनंद होता, पण लोणच्यावरून दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी.

नाईट_ड्युटी
अंडं खातात?

पोळपाट_घोडबंदर
गुरुवार आणि चतुर्थी सोडून. त्या दिवशी अंड्याऐवजी पनीरचे दोन तुकडे. वजन ४९.२ झालंय. क्रिएटिनिन १.७ च आहे, हललं नाही, डॉक्टर म्हणाले हललं नाही हेच आपल्याला हवंय.

औषधवाला_कळवा
ताई, लघवीची गोळी निम्मी केलीय तर रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो चढलं तर ते अन्न नसतं, पाणी असतं. लगेच डॉक्टरांना फोन करा.

पोळपाट_घोडबंदर
लिहितोय. वही आईंनीच स्वतःकडे ठेवलीय, देवघरात, पोथीच्या शेजारी. आज सकाळी मला हाक मारून सांगितलं, एकोणपन्नास दोनशे, आणि वरणावर तूप वाढ.